चाचणीसाठी एक खोली

कुरियाकोस सर दोह्याला गेले,
जाताना टेम्प्लेट माझ्या मशीनवर ठेवून गेले.
नाव : केके_फायनल_खरंच_फायनल.
आत सगळं त्यांच्या सवयीचं,
छत तीन मीटरवर, पाइप लाल,
आणि हँगरची अंतरं अजून इंचात,
कारण हात बसला तो कुठल्याशा तेलाच्या धक्क्यावर.

महापे, तिसरा मजला, रात्रीचे पावणेनऊ.
एसी कधीच बंद केलाय वॉचमननं.
खाली एक टँकर रिव्हर्स घेतोय, थांबतोय, परत घेतोय.
उद्या पावण्याच्या गोदामाचं ड्रॉइंग द्यायचं,
त्याआधी ही टेम्प्लेट माझी व्हायला हवी.

एकक : मिलिमीटर.
फवाऱ्यापासून फवारा : चार हजार.
भिंतीपासून : दोन हजार, तसूभरही जास्त नको.
(इंच पुसले, तर तसू आला.
जिभेची सेटिंग कुठे बदलतात, कोण जाणे.)
कुपी : अडुसष्ट अंश, लाल.
सर एकदा ती तळहातावर ठेवून दाखवायचे प्रत्येक नव्या पोराला,
भाताच्या दोन दाण्यांएवढी काच,
आत एक बुडबुडा.
तापलं की पाणी नाही फोडत तिला, घाबरूही नका, म्हणायचे,
आतला द्रव फुगतो, आधी बुडबुडा गिळतो,
मग त्याला जागाच उरत नाही.
एवढं बोलून ते चहाला जायचे.

सेटिंग लागली की नाही
हे कळायला एक खोली लागते. कुठलीही.
मी घणसोलीतली आमचीच काढते दर वेळी,
मोजायला उठावं लागत नाही.
तीन हजार सहाशे गुणिले दोन हजार नऊशे,
दार एकच, खिडकीला कपाट लागलेलं.

वापर कोणता, विचारतं सॉफ्टवेअर.
कार्यालय. रुग्णालय. गोदाम. शिवणकाम.
आये पडद्याच्या कापडाचे गठ्ठे आणते, ते छताला टेकलेत.
बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र कोपऱ्यात.
पलंगाखाली सुकटीचा डबा, मागच्या लग्नातले पाट,
भावाच्या बाइकचं अर्धा लिटर पेट्रोल, जे नाहीच असं तो म्हणतो.
एकच पर्याय निवडा.
मी गोदाम निवडते.

फवारा एकच बसतो, मधोमध,
आणि लगेच पिवळी खूण :
खाली पाचशे मिलिमीटर मोकळे ठेवा.
आयेला सांगून बघते मनातल्या मनात.
"आनि गठ्ठे क्या तुझ्या डोक्यावर ठेवू?"

मग हिशेब लावते.
हिशेब नेहमी सर्वांत दूरच्या ठिकाणापासून सुरू होतो,
टाकीपासून लांब, वळणं सगळी पार करून
जिथं जोर सर्वांत कमी पोचतो तिथून.
तिथं पुरलं तर सगळ्यांना पुरलं.
मी गल्लीतली सगळी घरं जोडते, कारण एकट्या खोलीला दूर असं काही नसतं :
मढव्यांचं, पारूआत्याचं, भाडेकरूंच्या चार खोल्या,
पाइप पन्नासचा, मग चाळीस, बत्तीस, पंचवीस.
सॉफ्टवेअर दोन सेकंद विचार करतं
आणि गल्लीच्या टोकाला, आमच्या घरावर,
निळा चौकोन काढतं.

पाण्याचा स्रोत?
लिहिते, पहाटे पाच चाळीस ते सहा वीस.
वेळ टाकायला तिथं रकाना नाही.
दाब टाका, म्हणतं.
आये नळाला ओठ लावते आणि ओढते, तो दाब किती, ठाऊक नाही.
शून्य टाकते.
सगळी गल्ली लाल होते.

सेटिंग मात्र चोख लागलीये.
अंतरं बरोबर, व्यास बरोबर, नावं मराठीत उमटतायत.

सेटिंग सेव्ह : हो.
नाव देते, फक्त "मनीषा". फायनल लिहीत नाही.
ड्रॉइंग सेव्ह?
टँकर एकदाचा वळला, हॉर्न देऊन गेला.
मी गोदामाची फाइल उघडते,
छत अकरा मीटर, पाण्याची टाकी दोन लाख लिटर,
आणि मागे त्या खिडकीत प्रश्न तसाच,
उघडा.